पोस्ट-बॅकला पैसे भरावेत का? न्यू जर्सीतल्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी न्यू जर्सीत एका कॉलेजात प्री-हेल्थ सल्लागार म्हणून काम करते. मेडिकलला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना विषय कोणते घ्यायचे, अर्ज कधी भरायचा, हे सांगणं हे माझं रोजचं काम. पोस्ट-बॅक म्हणजे पदवी झाल्यावर मेडिकलच्या तयारीसाठी केलेला वर्षा-दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्याबद्दलचं हे प्रकरण मात्र कॉलेजातलं नाही, मराठी मंडळाच्या ओळखीतून आलेलं आहे. मुलीचं नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही काढले आहेत. मुलीची आणि तिच्या आईवडिलांची हे लिहायला संमती आहे. आपण तिला सई म्हणू.

सई इथेच जन्मली. आईवडील सांगलीकडचे, वडील आयटीत, आई औषधांच्या दुकानात टेक्निशियन. मे २०२१ मध्ये सई एका सरकारी विद्यापीठातून बायॉलॉजी घेऊन पदवीधर झाली. डॉक्टर व्हायचं हे शाळेपासून ठरलेलं होतं. पण अमेरिकेत बारावीनंतर सहसा थेट मेडिकलला प्रवेश मिळत नाही. आधी चार वर्षांची पदवी, तिच्यात केमिस्ट्री, फिजिक्स, बायॉलॉजीचे ठरलेले विषय, मग एमकॅट नावाची साडेसात तासांची परीक्षा आणि त्यानंतर अर्ज. नीटसारखं एका रँकवर इथे भागत नाही. कॉलेजातल्या पहिल्या सेमिस्टरपासूनची प्रत्येक ग्रेड अर्जाबरोबर जाते आणि आयुष्यभर जात राहते.

सईची पहिली दोन वर्षं कच्ची गेली. एकेका सेमिस्टरला तीन-तीन लॅबचे विषय, शिवाय शनिवार-रविवार नोकरी. ऑरगॅनिक केमिस्ट्री-१ मध्ये सी-प्लस, ऑरगॅनिक-२ मध्ये सी. तिसऱ्या वर्षी मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं आणि फिजिक्स-२ ला ग्रेडऐवजी नुसतं ‘पास’ मिळालं. चौथ्या वर्षी गाडी रुळावर आली, पण तोवर एकूण जी.पी.ए. (ग्रेडची ४ पैकी सरासरी) ३.१८ आणि विज्ञान विषयांचा २.९४ इतकाच होता.

ऑगस्ट २०२१ मध्ये तिने एमकॅट दिली. ४७२ ते ५२८ या मापावर ५०२ मिळाले. निकाल सप्टेंबरमध्ये लागला, अर्ज पुरा व्हायला ऑक्टोबर उजाडला. २२ कॉलेजांना अर्ज केले, एकाही ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. ते वर्षही कठीण होतं: एम.डी. (अमेरिकेत ही मूळ वैद्यकीय पदवी) कॉलेजांना त्या हंगामात ५५,१८८ जणांनी अर्ज केले आणि २२,७१२ जणांना जागा मिळाली. ज्यांना मिळाली त्यांचा सरासरी जी.पी.ए. ३.७५ होता आणि एमकॅटची सरासरी ५१२ च्या जवळ.

अडचण

जानेवारी २०२२ मध्ये तिघं माझ्याकडे आली तेव्हा सईच्या हातात एका पोस्ट-बॅक कोर्सचं प्रवेशपत्र होतं. पोस्ट-बॅक म्हणजे पदवी झाल्यावर मेडिकलच्या तयारीसाठी केलेला वर्षा-दोन वर्षांचा अभ्यासक्रम. हा कोर्स एका वर्षाचा, फी सुमारे ३६ हजार डॉलर, राहण्याखाण्याचा खर्च वेगळा. जागा राखायची तर पंधरा दिवसांत अनामत भरायची होती.

वडील म्हणाले, “पैशाचं मी बघतो. तुम्ही एवढंच सांगा, हे केल्यावर हिचं काम होईल ना?” आई गप्प होती. निघताना दारात मला म्हणाली, “अजून किती वर्षं चालणार हे, ते कुणी सांगतच नाही हो.”

दोन्ही प्रश्न खरे होते. पण ‘हा कोर्स चांगला आहे का’ या प्रश्नापासून सुरुवात केली असती तर दोन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळालं नसतं. कोर्स चांगलाच होता. सईच्या अर्जात नेमकी उणीव कुठे आहे आणि ती या कोर्सने भरते का, हे आधी पाहायला हवं होतं.

कागदावरचं गणित

एम.डी. कॉलेजांचे बहुतेक अर्ज अ‍ॅमकॅस या सामायिक सेवेतून जातात. तिथे एखादा विषय पुन्हा केला तर जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही धरल्या जातात. ऑस्टिओपॅथिक म्हणजे डी.ओ. ही दुसरी वैद्यकीय पदवी देणाऱ्या कॉलेजांच्या सेवेत पूर्वी नवी ग्रेड जुनीची जागा घेत असे. तेही २०१७ पासून बंद झालं. हे आईवडिलांना माहीत नव्हतं. ‘सी आलेले विषय पुन्हा करून ए मिळवायचा’ असाच घरातला समज होता.

मग आम्ही मार्कशीट पुढे घेऊन हिशेब मांडला. सईची १२४ क्रेडिट (विषयाच्या भाराचं माप) झाली होती, सरासरी ३.१८. म्हणजे खात्यात साधारण ३९४ गुण. समजा तिने आणखी ३० क्रेडिट केली आणि सगळीकडे ए मिळवला, तरी एकूण सरासरी ३.३४ वर थांबते. विज्ञानाच्या ६८ क्रेडिटची सरासरी २.९४ होती, तीही ३० क्रेडिट निर्मळ ए मिळवून ३.२७ च्या पुढे जात नाही. एकूण ३.५ गाठायचा तर सगळीकडे ए मिळवत जवळपास ८० क्रेडिट लागतात, म्हणजे पूर्णवेळ शिकून तीन वर्षांच्या आसपास.

वडिलांनी तो कागद बराच वेळ निरखला. आयटीतला माणूस, आकडे त्यांना समजावून सांगावे लागले नाहीत. “म्हणजे हा आकडा आता सुधारत नाही,” ते म्हणाले. तो सुधारत नाही, हे खरंच होतं. पुढचे सगळे निर्णय या एका वाक्यावरून ठरले.

पण अ‍ॅमकॅसच्या अर्जात ग्रेडचा एकच आकडा नसतो. तक्ता असतो: पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं, त्याखाली ‘पदवीनंतरचं पदवीस्तरीय शिक्षण’ अशी वेगळी ओळ, मग एकूण, आणि त्याहून वेगळी पदव्युत्तर शिक्षणाची ओळ. निवड समितीतला माणूस तो तक्ता वरून खाली वाचतो. सईच्या तक्त्यात पहिली दोन वर्षं पडलेली आणि चौथं चढलेलं होतं. त्याखालच्या ओळीत ३.८ दिसला, विषय वरच्या पातळीचे असले आणि एमकॅटनेही त्याला दुजोरा दिला, तर ‘ही मुलगी आता मेडिकलचा अभ्यास पेलेल’ असं म्हणायला आधार मिळतो. तिला मिळवायची होती ती ही एक ओळ.

आणि ती ओळ ३६ हजार डॉलरच्या कोर्समधून आली काय किंवा जवळच्या सरकारी विद्यापीठात सुटे विषय घेऊन आली काय, तक्त्यात एकाच जागी, एकाच नावाखाली दिसते.

समोर असलेले पर्याय

*ठरलेला पोस्ट-बॅक कोर्स.* यात दोन जाती आहेत आणि आपल्याकडे त्यांची नेहमी गल्लत होते. एक ज्यांनी विज्ञान घेतलेलंच नाही त्यांच्यासाठी: इकॉनॉमिक्स किंवा संगीत शिकून मग मेडिकलकडे वळणाऱ्यांसाठी. पेनसिल्व्हेनियातलं ब्रिन मॉर आणि मेरिलँडमधलं गाउचर यांचे नावाजलेले कोर्स या जातीचे. अशा कोर्सांचे काही मेडिकल कॉलेजांशी करार असतात. ठरलेली पातळी गाठली तर मधलं रिकामं वर्ष वाचतं. त्या विद्यार्थ्यांसाठी तो खर्च बहुधा सार्थकी लागतो, हे मी अनेकांना सांगितलं आहे. सईचे विषय आधीच झालेले असल्यामुळे तिथे तिला प्रवेशच नव्हता. तिला मिळालेला कोर्स दुसऱ्या जातीचा, ग्रेड सावरण्यासाठीचा. त्यात विषयांत हमखास जागा, सल्लागार, एमकॅटची शिकवणी आणि शेवटी कोर्सच्या समितीचं शिफारसपत्र मिळतं.

*स्पेशल मास्टर्स.* जॉर्जटाउनसारख्या काही ठिकाणी एका वर्षाची मास्टर्स असते, तिच्यात मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबरीने विषय शिकायचे. तिथे चमकलात तर पुरावा भक्कम. पण त्या ग्रेड पदव्युत्तर ओळीत जातात, पदवीचा आकडा तसूभरही हलत नाही, आणि तिथे बी-मायनस आले तर ‘मेडिकलचा अभ्यास झेपत नाही’ हाच पुरावा होऊन बसतो. विज्ञान विषयांत २.९४ असलेल्या मुलीने थेट तिथे उडी घेणं मला धोक्याचं वाटलं, आणि मी ते स्पष्ट सांगितलं.

*सुटे विषय स्वतः घेणं.* विद्यापीठात पदवीसाठी नाव न नोंदवता वरच्या वर्षांचे विषय संध्याकाळी घ्यायचे. राज्यातल्या रहिवाशांसाठी तेव्हा क्रेडिटला साडेचारशे डॉलरच्या आसपास. कम्युनिटी कॉलेज याहून स्वस्त, पण तिथे बायोकेमिस्ट्री, इम्युनॉलॉजीसारखे वरचे विषय सहसा नसतात, आणि सईला नेमके तेच हवे होते.

*भारतात एम.बी.बी.एस.* हा पर्याय सांगलीच्या काकांकडून आला. ते स्वतः डॉक्टर. फोनवर म्हणाले, “पाठवून दे इकडे, साडेपाच वर्षांत मोकळी होईल.” त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं, म्हणून तेही नीट तपासलं. ४ मार्च २०२१ च्या भारत सरकारच्या अधिसूचनेनुसार ओ.सी.आय. कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असलेल्यांना मेडिकलमध्ये एन.आर.आय. कोट्यातल्या किंवा अतिरिक्त जागांवरच दावा करता येत होता (त्या तारखेआधी कार्ड मिळालेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये यातून वगळलं), आणि त्यासाठीही नीट द्यावीच लागते. त्यानंतर साडेपाच वर्षं, मग अमेरिकेत परतायचं तर यू.एस.एम.एल.ई. ही परवान्याची परीक्षा आणि परदेशी पदवीधर म्हणून रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची, रांग. सईला कायमचं इथेच राहायचं होतं. काकांच्या मुलीला जो रस्ता सरळ होता तो हिच्यासाठी सर्वांत लांबचा निघाला.

*कॅरिबियन.* प्रवेश सोपा, बाहेर पडणं अवघड. परदेशात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी रेसिडेन्सी मिळणारे साधारण दोन तृतीयांश, इथल्या एम.डी. आणि डी.ओ. कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांत हेच प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर असतं. शिवाय जे मध्येच गळतात ते रेसिडेन्सीच्या आकड्यापर्यंत पोचतच नाहीत. हा पर्याय दहा मिनिटांत बाजूला पडला.

*डी.ओ. कॉलेजं.* याबद्दल घरात कुजबुज होती: “ते खरे डॉक्टर असतात का?” असतात. सगळ्या राज्यांत त्यांना पूर्ण वैद्यकीय परवाना मिळतो, आणि २०२० पासून एम.डी. व डी.ओ. दोघांच्या रेसिडेन्सी एकाच मान्यतेखाली आल्या आहेत. काही मोजक्या, फार चुरशीच्या शाखांत डी.ओ. ना अजूनही अवघड जातं, हेही सांगितलं. पहिल्या फेरीत सईने एकाही डी.ओ. कॉलेजाला अर्ज केला नव्हता.

कोर्सवाल्यांना विचारलेला प्रश्न

माहितीपत्रकात ठळक लिहिलं होतं की कोर्समधल्या ९० टक्क्यांहून जास्त विद्यार्थ्यांना मेडिकलला प्रवेश मिळतो. वडिलांचा सगळा भरवसा त्या ओळीवर होता. मी सईला म्हटलं, तू स्वतः फोन कर आणि विचार: हे नव्वद टक्के कुणातले?

तिने प्रश्न लिहून घेतले. किती जणांनी सुरुवात केली? किती जणांनी पुरं केलं? समितीचं पत्र किती जणांना दिलं? पत्राविना अर्ज करणारे यात धरता का? त्याच वर्षी प्रवेश मिळाला की तिसऱ्या खेपेला? एम.डी., डी.ओ. आणि कॅरिबियन वेगवेगळे सांगाल का?

तिथल्या संचालक बाईंनी आढेवेढे न घेता उत्तरं दिली, याचं मला कौतुक वाटतं. टक्केवारी समितीचं पत्र मिळालेल्यांची होती. पत्र मिळण्यासाठी कोर्समध्ये ३.६ आणि एमकॅटला ठरावीक गुण लागत, आणि सुरुवात केलेल्यांपैकी साधारण निम्मेच तिथवर पोचत. प्रवेशांत डी.ओ. आणि परदेशी कॉलेजं मिळवलेली होती.

यात फसवणूक नाही. पण ज्या मुलीचा प्रश्नच ‘मी ३.६ च्या वर राहीन का’ हा आहे, तिला ३.६ च्या वर राहिलेल्यांचं यश दाखवून काय उपयोग? सईने फोन ठेवला आणि म्हणाली, “काकू, मी तिथे ३.८ मिळवू शकले तर इथेही मिळवू शकेन. आणि नाही मिळवू शकले तर तिथे पत्रही नाही आणि ३६ हजारही नाहीत.” एवढ्या नेमक्या शब्दांत मलाही मांडता आलं नसतं.

तरीही कोर्सच्या बाजूने एक मुद्दा उरत होता आणि तो आईने मांडला. “हिला कुणीतरी मागे लागणारं लागतं. घरी राहून, नोकरी करून हिच्याच्याने होईल?” ज्यांची पहिली वर्षं शिस्तीअभावी बिघडली त्यांच्यासाठी बांधीव वर्ष हे औषध असू शकतं, आणि त्यासाठी पैसे मोजणं चूक नाही. म्हणून सईची घसरण कशाने झाली हे पुन्हा पाहिलं. सेमिस्टरनिहाय ग्रेड लावल्यावर दिसलं की जिथे लॅबचे तीन विषय होते तिथेच ती पडली. दोन असताना टिकली. अडचण भाराची होती. म्हणजे भार हातात ठेवता येणं तिच्या फायद्याचं होतं, आणि एका वर्षात सगळं कोंबणाऱ्या कोर्समध्ये नेमकं तेच शक्य नव्हतं.

अनामत भरली नाही.

प्रत्यक्ष काय केलं

ऑरगॅनिक-२ चा सी पुन्हा करायचा का, यावर बराच खल झाला. सी बहुतेक कॉलेजांना चालतो, सी-मायनस असता तर गोष्ट वेगळी होती. पुन्हा करून आलेला ए हा ‘दुसऱ्यांदा जमलं’ एवढंच सांगतो. त्याऐवजी ऑरगॅनिकवर उभ्या असलेल्या बायोकेमिस्ट्रीत ए मिळवला तर पाया पक्का झाल्याचं आपोआप दिसतं. तेच ठरलं.

उन्हाळा २०२२ मध्ये स्टॅटिस्टिक्सपासून सुरुवात झाली. पुढच्या तीन सेमिस्टरमध्ये बायोकेमिस्ट्रीचे दोन भाग, जेनेटिक्स, सेल बायॉलॉजी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी आणि इम्युनॉलॉजी. एकूण २८ क्रेडिट.

या वाटेचे काटेही लगेच टोचले. पदवीसाठी नाव न नोंदवलेल्या विद्यार्थ्यांना वर्गात जागा सर्वांत शेवटी मिळते. २०२२ च्या शरद सेमिस्टरला बायोकेमिस्ट्री भरली आणि ती जानेवारीवर गेली. सगळं वेळापत्रक एका सेमिस्टरने सरकलं. अशा विद्यार्थ्यांना अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कर्जही मिळत नाही. ठरलेल्या कोर्समध्ये निदान बारा महिन्यांपर्यंत काही मिळू शकलं असतं. इथे प्रत्येक सेमिस्टरची फी रोख. फी, लॅब आणि पुस्तकं धरून एकूण खर्च १५ हजार डॉलरच्या आसपास गेला. त्यातला मोठा भाग सईने इमर्जन्सी विभागातल्या स्क्राइबच्या (डॉक्टरांच्या नोंदी लिहिण्याच्या) नोकरीतून भरला, बाकी घरच्यांनी.

त्याच पहिल्या शरद सेमिस्टरला तिने आठवड्याला चाळीस तासांची नोकरी तशीच चालू ठेवली आणि फिजिऑलॉजीत बी-प्लस आला. जुनाच घोळ, नव्या रूपात. जानेवारीपासून तास चोवीसवर आणले. त्यानंतर इम्युनॉलॉजीतला एक बी-प्लस सोडला तर सगळीकडे ए.

*मे २०२३ चा निर्णय.* सर्वांत अवघड वळण हे होतं. हाती सोळा क्रेडिट, ग्रेड चांगल्या, आणि सईला जूनमध्ये अर्ज करायचा होता. मैत्रिणी रेसिडेन्सीच्या गोष्टी करत होत्या, घरात लग्नाचा विषय निघू लागला होता. माझं मत थांबावं असं होतं: बायोकेमिस्ट्रीचा दुसरा भाग व्हायचा होता, एमकॅट पुन्हा व्हायची होती, आणि दुसरी फेरी वाया गेली तर तिसऱ्या वेळी निवड समित्या अर्जाकडे थकलेल्या नजरेने बघतात. वडील अर्ज करावा या बाजूचे. आईने या वेळी थांबण्याच्या बाजूने मत दिलं, कारण आता ‘किती वर्षं’ याचं उत्तर तिला कागदावर दिसत होतं: अर्ज जून २०२४, प्रवेश २०२५. थांबायचं ठरलं.

*एमकॅट.* पहिल्या ५०२ मध्ये सर्वांत कमी, १२४, हे वाचन आणि युक्तिवादाच्या विभागात होते. कोणताही पोस्ट-बॅक हा विभाग सुधारत नाही, कारण त्यात विज्ञान नाहीच. इतिहास, कला, तत्त्वज्ञान, समाजशास्त्रातले उतारे आणि त्यांवरचे प्रश्न असतात. हे लक्षात न घेता बायोकेमिस्ट्रीवर बायोकेमिस्ट्री करत राहणारी मुलं मी पाहिली आहेत. सईने डिसेंबर २०२३ मध्ये विषय संपवले आणि जानेवारीपासून एकही वर्ग न घेता तयारी केली. रोज सकाळी कामावर जायच्या आधी घड्याळ लावून तीन उतारे, आणि प्रत्येक चुकलेल्या उत्तरापुढे ते का निवडलं हे एका ओळीत. मार्चपर्यंत ती वही भरत आली होती. मी ती चाळली तेव्हा एकच कारण पानोपानी दिसलं: उताऱ्यात नसलेलं, स्वतःला ठाऊक असलेलं उत्तरात घातलं. रोग सापडल्यावर उपाय सोपा होता. एप्रिल २०२४ ला ५११ आले, त्या विभागात १२६.

निकाल

पदवीनंतरची ओळ ३.८ च्या किंचित वर उभी राहिली. एकूण जी.पी.ए. ३.३० आणि विज्ञानाचा ३.२०, म्हणजे पहिल्या दिवशी कागदावर मांडलं होतं त्याच्या आसपासच.

अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात गेला: १५ एम.डी. आणि ९ डी.ओ. कॉलेजं. शिफारसपत्रांपैकी दोन पत्रं या सुट्या विषयांच्या प्राध्यापकांची होती. समितीचं पत्र नव्हतं, आणि त्याबद्दल एकाही मुलाखतीत विचारणा झाली नाही. एम.डी. कडून दोन मुलाखती आल्या, डी.ओ. कडून चार. डिसेंबरमध्ये डी.ओ. कडून पहिला होकार आला, पुढे आणखी एक. एका एम.डी. कॉलेजात ती प्रतीक्षायादीवर राहिली आणि ती यादी तिच्यापर्यंत सरकली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सई डी.ओ. कॉलेजात दाखल झाली.

एका मुलाखतीत तिला विचारलं होतं, पहिल्या दोन वर्षांत काय झालं? तिने कारणं सांगितली नाहीत. भार कसा ओळखला, नोकरीचे तास कसे कमी केले आणि त्यानंतरच्या ग्रेड काय आल्या, एवढंच सांगितलं. प्रश्न तिथेच मिटला.

वेगळं काय करता आलं असतं

ऑक्टोबर २०२१ मधली पहिली फेरी टाळायला हवी होती. २.९४ आणि ५०२ घेऊन, उशिरा, आणि डी.ओ. कॉलेजं वगळून केलेल्या त्या अर्जाने साडेतीन-चार हजार डॉलर खाल्ले आणि सईच्या माथी ‘पुन्हा अर्ज करणारी’ हा शिक्का बसला. त्या आधी जर कुणी हाच हिशेब मांडून दाखवला असता तर एक पूर्ण वर्ष वाचलं असतं.

विषयांच्या जागांचा प्रश्नही आधीच सोडवता आला असता. सईने एकाच विद्यापीठावर भिस्त ठेवली. गाडीने तासाभरात आणखी दोन होती. बायोकेमिस्ट्री तिथे मिळाली असती तर डिसेंबर २०२३ ऐवजी मे २०२३ ला सगळं संपलं असतं. काही ठिकाणी ‘दुसरी पदवी’ घेणारा विद्यार्थी म्हणून नाव नोंदवलं तर नोंदणीत वरचा क्रमांक आणि थोडंफार कर्ज मिळतं. हे विचारलंच गेलं नाही.

मे २०२३ मध्ये थांबलो त्याबद्दल मात्र माझं मत आजही तेच आहे. वडील अजूनही म्हणतात की तेव्हा अर्ज केला असता तर कदाचित एक वर्ष आधी जागा मिळाली असती. डी.ओ. ची मिळालीही असती, ५०२ वर सुद्धा. त्या कॉलेजांत प्रवेश मिळालेल्यांची एमकॅट सरासरी ५०४ च्या आसपास असते. पण एम.डी. च्या दोन मुलाखती ५११ मुळे आल्या, आणि ती संधी अजमावून पाहायची सईची इच्छा होती. एका वर्षाचं मोल तिने ठरवायचं होतं, आणि तिने ठरवलं.

ठरलेला कोर्स केला असता तर प्रतीक्षायादीचं रूपांतर जागेत झालं असतं का? ओळखीच्या समितीचं पत्र आणि एखाद्या कॉलेजाशी असलेला करार यांनी पारडं झुकलं असतं, अशी शक्यता मी नाकारत नाही. त्यासाठी वीस-एकवीस हजार डॉलर जास्त मोजायचे, नोकरी सोडायची आणि ज्या भारामुळे ती पूर्वी पडली तोच भार पुन्हा उचलायचा, असा तो सौदा होता.

आज कुणी याच वळणावर असेल तर हिशेबात एक नवी रक्कम आली आहे. ४ जुलै २०२५ ला मंजूर झालेल्या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज बंद होतं, आणि मेडिकलसारख्या शिक्षणासाठी केंद्राचं कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरवर थांबतं. चार वर्षांच्या बऱ्याच मेडिकल कॉलेजांचा खर्च याच्या वर जातो. वरची रक्कम खासगी कर्जातून किंवा घरच्या बचतीतून आणावी लागेल. सईच्या वडिलांनी २०२२ मध्ये जे ३६ हजार बाजूला काढले होते ते खर्च झाले नाहीत. ते तिच्या मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या फीत गेले.